‘आव्’ या एका शब्दाने खाल्लेले तीन आठवडे

चिनी भाषेच्या एचएसके परीक्षेची पाचवी पातळी मी पार केली. सुमारे 2500 शब्द आणि 100 प्रश्न यांनी मला फारसे छळले नाही. छळले ते ‘आव्’ या एका क्रियापदाने. त्याचा राग मी अजूनही वर्गात वाटलेल्या शब्दयादीवर काढते, कारण तिच्यात त्यापुढे ‘उकळणे’ एवढेच छापले होते.

त्या भरवशावर मी ‘आई सकाळी चहा उकळते’ असे लिहिले आणि बाईंनी क्रियापदावर लाल रेघ ओढली. चहाला ‘चू’ हे साधे क्रियापद चालते. ‘आव्’ म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवत राहणे, आणि ते पेजेला, हाडांच्या रश्श्याला किंवा औषधी मुळ्यांच्या काढ्याला शोभते. एवढे पाठ होते न होते तोच उताऱ्यात ‘आव्-ये’ आले. ‘ये’ म्हणजे रात्र. पण रात्र कोणत्या पातेल्यात शिजवायची? अर्थ निघाला जागरण करणे. पाठोपाठ ‘च्यन-आव्’, म्हणजे तळणे आणि आटवणे मिळून जिवाची तगमग. त्यावर कडी म्हणजे वर्षानुवर्षे ‘आव्’ होत होत सून अखेर सासू बनते, ही म्हण.

सुटका मराठीनेच केली. आपण काढा करतो आणि दिवसही काढतो. ‘काढा’ संस्कृत ‘क्वाथ’वरून आला असून ‘काढणे’शी त्याचे नाते नाही, हे मला ठाऊक आहे, तरीही या योगायोगाला धरून ठेवल्यावर आच आणि सोसणे एकाच शब्दात का नांदतात, ते मला पुन्हा घोकावे लागले नाही.

आधीच सांगायला हवे होते की हा अर्थ हवा असेल तर सूर चढता ठेवावा. तेच अक्षर सपाट उंच सुरात म्हटले की भाजी पाण्यात शिजवणे एवढाच अर्थ उरतो. अक्षराच्या तळाशी असलेले चार ठिपके विस्तवाचे आहेत, हेही मला कोणी वेळेवर सांगितले नाही. शिवाय खळखळून उकळण्याला ‘फेइ-थंग्’ हा निराळा शब्द आहे, आणि त्याने रक्त उकळले तर चिनी माणूस आपल्यासारखा संतापलेला नसून उत्साहाने सळसळत असतो.

परीक्षेत दिलेल्या पाच शब्दांवरून सुमारे 80 अक्षरांचा मजकूर लिहायचा होता. त्यात मी हट्टाने एक रात्र ‘आव्’ केली. चहाच्या वाटेला मात्र गेले नाही.