ओहायोत आलेली ईशापूरची थ्री नॉट थ्री

आजोबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. 1869 सालचा कारखाना. सकाळचा भोंगा झाला की सायकल काढायची, संध्याकाळचा झाला की परत. तिथे काय करता असं विचारलं की म्हणायचे, "पितळ बघतो." त्यापुढे एक अक्षर नाही. ते गेले तेव्हा मी नववीत होतो.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्राबरोबर इथे कोलंबसजवळ गन शो बघायला गेलो. जत्राच असते ती. टेबलांच्या रांगा, पॉपकॉर्न, चामड्याचे पट्टे, सुऱ्या आणि बंदुका. एका टेबलावर सुट्या काडतुसांचा ट्रे होता, कुठलंही घ्या, दोन डॉलर. चाळा म्हणून एक उचललं आणि बूड बघितलं. 'के' आणि 'एफ' अशी दोन अक्षरं. टेबलामागचा म्हातारा म्हणाला, "किर्की. इंडिया." खडकीचं इंग्रजी नाव, इथल्या मक्याच्या शेतांच्या मधोमध! मी दोन डॉलर दिले. या जातीच्या काडतुसाला इथले लोक 'थ्री ओ थ्री' म्हणतात. मी 'थ्री नॉट थ्री' म्हणालो तर त्याला कळेना.

काडतूस आलं, मग ते ज्यात जायचं ती रायफल हवीशी वाटायला लागली. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात बनलेली ली-एन्फिल्ड, म्हणजेच आपली थ्री नॉट थ्री. आपल्याकडच्या हवालदारांच्या खांद्यावर ती इतकी वर्षं होती की 26/11 ला सीएसटीवरच्या पोलिसांकडेही तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट 2020 च्या प्रजासत्ताकदिनी. भारतात मला ती हातात घ्यायला मिळाली नसती. इथे ती लिलावात मिळते.

आता गावाकडच्या मित्रांचा ठरलेला प्रश्न: "तिकडे म्हणे ऑनलाइन बंदूक मागवतात आणि पोस्टमन घरी आणून देतो?" एके काळी खरंच देत असे. मार्च 1963 मध्ये ली हार्वी ऑसवाल्डनं मासिकातली जाहिरात बघून, खोट्या नावानं, 21 डॉलर 45 सेंटमध्ये शिकागोहून डॅलसला टपालानं रायफल मागवली. नोव्हेंबरमध्ये त्याच रायफलीनं केनेडींचा जीव घेतला. मग 1968 चा कायदा आला. तेव्हापासून दुसऱ्या राज्यातून घेतलेली बंदूक तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडेच येते. तो फॉर्म भरून घेतो, एफबीआयला विचारतो आणि मग तुमच्या हातात देतो. 1898 किंवा त्याआधीची बंदूक मात्र या कायद्याच्या लेखी बंदूकच नाही, ती सरळ घरी येऊ शकते. एच-वन-बीवर होतो तोवर काही अपवाद सोडता मला बंदूक बाळगताच आली नसती. ग्रीन कार्ड आल्यावर ते दार उघडलं.

लिलावाचं म्हणाल तर ईबेनं 1999 मध्ये बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी गनब्रोकर ही बंदुकांच्या लिलावाची साइट सुरू झाली. मी तिथेच बघत होतो. पहिली रायफल शेवटच्या मिनिटाला बोली लावून पटकवावी असा माझा बेत होता. पण तिथे पंधरा मिनिटांचा नियम आहे: शेवटच्या पंधरा मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटं पुढे सरकतं, सगळे गप्प होईपर्यंत. गणपतीतल्या नारळाच्या लिलावासारखं. "एक वार, दोन वार" झालं की मागून कुणीतरी हात वर करतो. रात्री साडेअकराला मी गप्प झालो.

पण बोली लावणं हा त्यातला सोपा भाग. खरी परीक्षा विकणाऱ्याची असते, आणि त्याची जाहिरात वाचता आली पाहिजे. "मला यातलं काही कळत नाही, आजोबांची होती," असं लिहिणाऱ्याच्या मागच्या विक्र्या बघाव्यात. त्यात आणखी चाळीस आजोबांच्या बंदुका निघतात. "आतून साफ केल्यास चकाकेल" याचा अर्थ नळी गंजली आहे. आणि फोटो! बारा फोटोंत दस्त्याचे सहा, पट्ट्याचे दोन, गालिच्याचा एक, पण बोल्टवरच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरच्या, नंबराचा एकही नाही. या रायफलींच्या बोल्टवर आणि मुख्य सांगाड्यावर एकच नंबर असावा लागतो. नसेल तर कुठलातरी बोल्ट कुठेतरी बसवलाय, आणि किंमत सोडाच, झाडायलाही आधी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते. एकाला नम्रपणे नंबर विचारला. उत्तर आलं, "दिसतंय ते दिसतंय." मी तिथूनच नमस्कार केला.

आजोबा बुधवारी-रविवारी मला जुन्या बाजारात न्यायचे. बॅटरी घ्यायची असली की काचेकडे बघायचे नाहीत, मागचं झाकण उघडून स्प्रिंग बघायचे. विकणारा पुढचं चमकवून ठेवतो, म्हणायचे. म्हणून मी मागचे फोटो मागायला लागलो. चौघांपैकी एकानं दिले.

तो चौथा केंटकीतला, सत्तरी ओलांडलेला. सगळ्या मेल कॅपिटल अक्षरांत, त्यामुळे सतत कुणी ओरडतंय असं वाटायचं. पण नंबर मागितला तर पाच फोटो आले. मुकुट, त्याखाली जी आर आय (म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट), ईशापूर, 1942. बोल्ट आणि सांगाडा, नंबर एक. 410 डॉलरला लिलाव माझ्या नावावर संपला. कर, पाठवणावळ आणि दुकानदाराचे तीस धरून पाचशेच्या आसपास.

मग भांडण. या केंटकीच्या आजोबांना पैसे पोस्टाच्या मनीऑर्डरनंच हवे होते. कार्ड नको, फोनवरून तर मुळीच नको. ते मी केलं. पण त्यांच्याकडे विक्रीचा परवाना नव्हता, साधे खासगी विक्रेते, आणि माझा दुकानदार म्हणाला की अशांकडून पेटी आली तर आत त्यांच्या ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत हवी. रायफल कुणाकडून आली ते त्याला वहीत लिहावं लागतं. आजोबा खवळले. अनोळखी माणसाला लायसन्स देणार नाही, सरकारला आधीच पुष्कळ माहिती आहे, वगैरे. सगळं कॅपिटलमध्ये. तीन दिवस मी मधे निरोप्या. माझे पैसे केंटकीत, रायफल केंटकीत आणि मी ओहायोत. शेवटी दुकानदारानं स्वतः फोन केला. दोघं म्हणे अर्धा तास हरणांच्या शिकारीवर बोलले आणि लायसन्सची प्रत पेटीत आली. इथे मेलनं जे होत नाही ते हरणानं होतं.

पेटी आली त्या दिवशी फॉर्मसाठी पेन काढलं, तर दुकानदारानं हात धरला. "आधी बघ, मग सही." लिलावात तीन दिवसांची तपासणीची मुदत असते, पण रायफल एकदा तुमच्या नावावर झाली की बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ती टेबलावर आडवी करून दिवा लावून बघितली. पुढच्या लाकडाला, तोंडाशी असलेल्या धातूच्या टोपीच्या मागे, दोन इंचांची चीर. एकाही फोटोत नव्हती. आजोबांना लिहिलं. वाटलं, आता ओरडतील. उत्तर एका ओळीचं: "मोतीबिंदू झालाय, दिसलं नाही, साठ परत पाठवतो." खरं की खोटं, देव जाणे. साठ डॉलर मात्र आले, मनीऑर्डरनंच.

मग 4473 नंबरचा फॉर्म. तुम्हीच खरे खरेदीदार का, दुसऱ्या कुणासाठी घेत नाही ना, गुन्हा, वेडसरपणा, गांजा. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही, अशी तंबी फॉर्मवरच छापलेली आहे. परदेशी नागरिक म्हणून ग्रीन कार्डावरचा नंबरही लिहावा लागतो. एफबीआयचं उत्तर आलं: थांबा. मान्य नाही, नामंजूर नाही, नुसतं थांबा. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनकडेही विचारणा होते. आपल्याकडे परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात चकरा मारणारे मला माहीत आहेत, त्यापुढे हे काहीच नाही. तरी दुकानातल्या बाकीच्यांसमोर 'थांबा' ऐकताना कानशिलं तापली. दोन दिवसांनी 'द्या' असा निरोप आला.

बायकोला आधीच सांगितलं होतं. तिनं एकच विचारलं, "आणि ईरा?" मुलगी दुसरीत आहे. शाळेत बंदूकवाला शिरला तर दिवे घालवून कपाटाजवळ गप्प कसं बसायचं, याची तालीम करते. घरी येऊन तीच तालीम बाहुल्यांकडून करून घेते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ठरलं ते असं: रायफल कुलपात, बोल्ट काढून वेगळा, बायकोच्या दागिन्यांच्या तिजोरीत, आणि तिजोरीची किल्ली तिच्याकडे. घरात त्या जातीचं काडतूस एकच, दोन डॉलरचं.

खंडेनवमीला तिनं स्वतः बोल्ट बाहेर काढला, खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला. आम्ही झेंडू वाहिला, शेजारी ते काडतूस उभं ठेवलं, आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी रायफलीकडे नुसतं बघितलं, केवढ्याला पडली ते विचारलं, मनात रुपये केले आणि तोंड वाकडं केलं. मग म्हणाले, "ते छोटं जवळ धर." मी काडतुसाचं बूड कॅमेऱ्यासमोर धरलं. बराच वेळ ते बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काळं पडलंय रे," म्हणाले. "चिंचेनं घास जरा."