करी रोडच्या फलाटावरचा तास

मी तासाचे पैसे घेऊन लोकांशी बोलते. खरं तर बोलते कमी, ऐकते जास्त. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग हळूच दर विचारतात. मुंबईत २०२२ साली रतन टाटांच्या पाठबळावर वृद्धांना सोबत देणारं ‘गुडफेलोज’ सुरू झालं, जपानात तर शोजी मोरिमोतो नावाचा गृहस्थ २०१८पासून नुसता सोबत बसतो, पुढे त्याचे पैसेही घेऊ लागला. माझी संस्था फार लहान. भेटवस्तू घ्यायची नाही, सल्ला द्यायचा नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर ऑफिसला कळवायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्यायचा, एवढे नियम.

बहुतेकांचे पैसे परदेशातली मुलं भरतात. लालबागचे आबा (ओळख पटेल असं सगळं बदललंय) स्वतः भरायचे. सुनेला सांगितलेलं, ही मुलगी मोबाईल शिकवायला येते.

आबा गिरणीत साचेखात्यात होते, जॉबरच्या, म्हणजे माणसं कामाला लावून त्यांच्याकडून आपला वाटा घेणाऱ्या मुकादमाच्या, हाताखाली. मागांच्या खडखडाटात कान गेले, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. कुजबुज त्यांना जमतच नाही.

त्या दिवशी म्हणाले, “आज घरात नको, स्टेशनात बसू.” दहा-दहा रुपयांची दोन प्लॅटफॉर्म तिकिटं त्यांनीच काढली. करी रोडला फास्ट गाड्या थांबत नाहीत, धडधडत निघून जातात. गाडी आली की आबा बोलायचे, गेली की गप्प. मी कान त्यांच्या तोंडाशी नेऊन बसले.

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आबांनी बायको-मुलं साताऱ्याकडे गावी धाडली. आपणही गावीच चाललोय असं चाळीत सांगून ते भिवंडीत यंत्रमागावर लागले. तसे कितीतरी जण लागले होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं. पण गाडी गेली होती आणि आबा थांबले होते.

पुढची गाडी आली. एका रविवारी ते खोलीवर आले, तर शेजारचा जोडीदार दारात उभा. आबांच्याच खात्यातला, संपावर ठाम. पोरगी तापानं फणफणलेली, पन्नास रुपये हवे होते. आबांच्या आतल्या खिशात भिवंडीची मजुरी होती.

“नाहीत म्हणालो.”

जोडीदारानं पाण्याचा तांब्याचा हंडा विकला. पोरगी बरी झाली. पुढे दोघं वर्षानुवर्षं एकाच गॅलरीत चहा पीत बसले. तो करोनात गेला.

“मुलाला का नाही सांगितलं?”

“मुलाला सांगितलं तर तो रोज माझ्याकडे बघणार. तुझे पैसे दिले की तू तुझ्या घरी.”

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुला काय वाटतं?” सल्ला द्यायचा नव्हता, आणि माझ्याकडे होताच कुठे? मी विचारलं, हंडा केवढा होता. आबांनी दोन्ही हात पसरले. मग सुरूच झाले: गळ्याशी पोचा होता, जोडीदाराची बायको दर सणाला चिंचेनं घासायची, नळावर ठेवला की कुणाचा ते लांबूनच कळायचं. गाडीची वाट बघायचं ते विसरले. फलाटावरची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली, तरी त्यांचा आवाज खाली येईना.

तास संपला. चारशे रुपये पाठवून झाल्यावर आबांनी विचारलं, “यातले तुला किती?”

“दोनशे ऐंशी.”

“म्हणजे जॉबर अजून आहेच,” आबा म्हणाले.