घरशाळेसाठी साधनं शोधताना : माझा अनुभव

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळनंतर फोनला रेंज मिळते ती फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी रोज रात्री त्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचे आणि ‘होमस्कूलिंग’ हा शब्द घालून शोधत राहायचे. थोरली मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. दुसरीचं अख्खं वर्ष रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. रविवारी दुखायचं नाही. शाळेत बोलून झालं, डॉक्टरांना दाखवून झालं, आणि शेवटी नवऱ्याने आणि मी ठरवलं की निदान एक वर्ष तिला घरीच शिकवू. हा निर्णय एका रात्रीत झाला. शिकवायचं कशाच्या आधाराने, हे शोधण्यात मात्र पुढचे सहा महिने गेले. तेव्हा मराठीत कुणीतरी हे लिहून ठेवलेलं असायला हवं होतं असं फार वाटायचं, म्हणून आता मी लिहिते आहे.

पहिले तीन आठवडे जे हाती लागलं ते जवळजवळ सगळं अमेरिकेतलं होतं. नाण्यांचा हिशेब डाइम आणि निकेलमध्ये, तापमान फॅरनहाइटमध्ये, लांबी इंचात, नोव्हेंबरच्या पानावर तिथल्या सणाची टर्की. दिसायला इतकं सुरेख की मी त्यातली चाळीसेक पानं दापोलीच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. पहिल्याच पानावर लेकीने विचारलं, ‘‘क्वार्टर म्हणजे किती रुपये?’’ अर्धा तास त्यातच गेला. आणि मागे फडताळावर सुट्ट्या पैशांचा डबा तसाच पडून होता. ती पानं वाईट नव्हती. ती तिथल्या मुलांसाठी, तिथल्या बाजारासाठी केलेली होती.

मग एक शिकवणीचं अ‍ॅप घेतलं. फोनवरच्या माणसाने गोड बोलून वर्षाचे अकरा हजार भरून घेतले. त्यात प्रत्येक बरोबर उत्तराला तारे मिळायचे, टाळ्या वाजायच्या. दोन महिन्यांत लेकीकडे तारेच तारे झाले. एके दिवशी तिच्या आजीने बाजारातून आल्यावर सहज विचारलं, ‘‘दोनशेची नोट दिली, एकशे सदतीसची भाजी झाली, परत किती यायला हवेत गं?’’ तर ती गप्प. चार पर्याय समोर दिसले की त्यातला बरोबर ओळखायला ती शिकली होती, वजाबाकी करायला नाही. पैसे गेल्याचं दुःख झालंच, पण मुलीचे दोन महिने गेले त्याचं जास्त झालं. त्या रात्री मी अ‍ॅप काढून टाकलं.

सासूबाईंची काळजी वेगळी होती. ‘‘आज ठीक आहे, उद्या दहावीचं काय करणार?’’ हा प्रश्न त्या दिवसातून दोनदा विचारायच्या, आणि तो बरोबरच होता. त्यामुळे कविता-गोष्टी शोधायच्या आधी मला हे शोधावं लागलं. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की आधी परतीची वाट पाहून ठेवा, म्हणजे घरातले सगळे शांत झोपतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात असं आहे की सहा वर्षांवरचं मूल शाळेत गेलेलं नसेल किंवा प्राथमिक शिक्षण मध्येच सुटलं असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा. म्हणजे उद्या आम्हाला किंवा तिलाच शाळेत परत जावंसं वाटलं तर दार उघडं आहे. शाळा नकोच असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिच्याकडे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन टप्पे आहेत आणि पुढे दहावी-बारावीही. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि शाळेत न जाता दहावीला बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म तर गावोगाव माहीत असतो. वयाच्या अटी आणि तारखा त्या त्या मंडळाच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात, कुणाच्या सांगीवांगीवर जाऊ नये. मी हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देवघराच्या शेजारी लावलं. प्रश्न दिवसातून दोनदाचा आठवड्यातून एकदा झाला.

खरी गाडी रुळावर आली ती ऑगस्टच्या शेवटी, आणि कारण अगदी साधं होतं. मी ‘होमस्कूलिंग’ हा शब्दच टाकायचा सोडला. जे शिकवायचं त्याचं नाव मराठीत टाकायला लागले. ‘भागाकार कृती’, ‘पाऊस कसा मोजतात’, ‘पानांचे प्रकार’. त्या एका बदलाने समोर येणारी पानंच बदलली.

पहिल्यांदा भेटली ती बालभारती. पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, हे मला माहीतच नव्हतं. शाळेपासून पळालो आणि परत शाळेचंच पुस्तक, असं नवरा म्हणाला. पण चाळता चाळता एक गोष्ट लक्षात आली. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं होतं. आमच्या मुलीला शाळेत मिळालं असतं ते रत्नागिरीचं. पण माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं! मी दोन्ही उतरवून घेतली, नकाशाची पानं छापून आणली आणि ओटीवर शेजारी शेजारी मांडली. इकडे वाशिष्ठी, तिकडे भीमा. इकडे भात, तिकडे ज्वारी. इकडे समुद्र, तिकडे उजनीचं धरण. लेक पोटावर पालथी पडून एक बोट या नकाशावर, एक बोट त्या नकाशावर ठेवून तास-दीड तास हलली नाही. मग म्हणाली, ‘‘सोलापूरच्या आजीकडे पाऊस कमी का म्हणतात? कमी म्हणजे किती?’’

हवामान खात्याचे आकडे शोधले. सोलापूरला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर. आकडे ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी म्हटलं, आपण भिंतीवर काढू. नवऱ्याची लोखंडी टेप आणली. जमिनीपासून पंचावन्न सेंटिमीटरवर खडूने रेघ मारली, ती तिच्या मांडीपाशी आली. मग रत्नागिरी. ती टेपचं टोक पायाने दाबून उभी राहिली, मी स्टुलावर चढले आणि टेप वर नेत गेले. कौलांखालच्या वाशाला टेकली, तिथे तीन मीटरची टेप संपली, पाऊस संपला नाही. लेक मान वर करून बघत राहिली. ‘‘आई, आजीकडे मांडीएवढा आणि आपल्याकडे छपराएवढा?’’ आणि लगेच दुसरा प्रश्न : ‘‘मग आपली विहीर मे महिन्यात कोरडी का पडते?’’

याचं उत्तर मला येत नव्हतं, सासऱ्यांना येत होतं. त्यांनी तिला परसात नेलं, गडग्यातला, म्हणजे दगडी कुंपणातला, जांभ्याचा एक चिरा दाखवला, त्यातली भोकं दाखवली, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, उतार मोठा, समुद्र जवळ, त्यामुळे ते थांबत नाही. रात्री मी मराठी विश्वकोशात जांभा दगडाबद्दल वाचून तिला सोपं करून सांगितलं. विश्वकोश सगळा इंटरनेटवर आहे, वाईत तयार झालेल्या त्या मोठ्या कामाचा आपल्याला केवढा उपयोग आहे हे मला तेव्हा कळलं. त्याची भाषा मोठ्यांसाठी आहे, मुलाच्या हातात तसाच द्यायचा नाही. आपण वाचायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं.

त्या दिवसानंतर माझ्याकडे एक चाळणी आली, आणि मी अजून तीच वापरते. एखादं साधन पाहून झाल्यावर मूल फोन खाली ठेवून उठतं का? काहीतरी आणायला, मोजायला, कुणाला तरी विचारायला धावतं का? उठत असेल तर ते साधन घरात राहतं. फोनला आणखी चिकटत असेल तर कितीही नावाजलेलं असो, जातं.

या चाळणीतून सगळ्यात वर राहिलं ते अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. आयआयटी कानपूरमधून शिकलेला हा माणूस, पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी वर्षं मुलांना टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवत होता. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळणी करण्याच्या त्यांच्या फिल्मा एक-दोन मिनिटांच्या असतात, आणि पुस्तकांचा तर खजिना आहे, मराठी पुस्तकंसुद्धा भरपूर, सगळं विनामूल्य. आम्ही सुरुवात केली काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून. दापोलीच्या सायकलवाल्याकडून ट्यूब आणली, तिचे छोटे तुकडे केले, आणि त्यात काड्या खुपसून चौकोन केला. बोटाने ढकलला की चौकोन तिरका व्हायचा, आडवा पडायचा. मग त्रिकोण केला. तो ढकलला तरी हलेना. तिच्या धाकट्या भावाने दोन्ही हातांनी दाबून पाहिला, तरी हलेना. थोरलीने चौकोनात एक तिरकी काडी बसवली आणि तोही घट्ट झाला. ती जराशी थांबली, मग मान वर करून छपराकडे बघायला लागली. ‘‘म्हणून छपराची कैची त्रिकोणी असते?’’ सासरे खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, ‘‘सुताराला विचार, तो जन्मभर हेच करतोय.’’ दुसऱ्या दिवशी ती खरंच सुताराकडे जाऊन बसली. त्यानंतर महिनाभर घरात भूमितीचं वेगळं पुस्तक उघडावं लागलं नाही.

वाचनासाठी दोन ठिकाणं सांगते. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, तिथे मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि परवाना खुला असल्यामुळे छापून घ्यायला, वाटायला हरकत नाही. तिथली चित्रं घेऊन आपली गोष्टही रचता येते. थोरलीने विहिरीतल्या कासवाची गोष्ट रचली, धाकट्याने त्यात एक वाघ घालायला लावला. दुसरं म्हणजे ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर चाळायला मिळतात. एके रात्री मी ते उघडून बसले होते, नवरा मागून वाकून म्हणाला, ‘‘थांब, मागे जा.’’ त्याच्या लहानपणी घरात आलेल्या अंकाचं मुखपृष्ठ होतं ते. त्या रात्री रेंजच्या त्या कोपऱ्यात आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो आणि त्याने त्याच्या आठवणीतली गोष्ट मुलांना वाचून दाखवली. एरवी शिकवणं माझ्याकडे होतं. त्या रात्रीपासून वाचन त्याच्याकडे गेलं, ते आजतागायत.

फेट नावाची विज्ञानाची हलती चित्रं आहेत, कोलोरॅडो विद्यापीठाची, त्यातली बरीच मराठीतही मिळतात. विद्युत मंडल जोडून बघायला ती छान आहेत, पण आम्ही ती खरी बॅटरी आणि टॉर्चचा बल्ब हातात घेतल्यानंतरच उघडतो, आधी नाही. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल हे मराठीतले संगणकाचे पाठ थोरली थोडी मोठी झाल्यावर उपयोगी पडले. सीझनवॉच या झाडांच्या नोंदी ठेवण्याच्या उपक्रमामुळे दर रविवारी एकाच आंब्याखाली उभं राहून पालवी, मोहोर, कैऱ्या यांची नोंद करायची सवय लागली. सासरे बागायतदार, त्यांनी आयुष्यभर आंबा पाहिलेला, पण मोहोर कुठल्या आठवड्यात आला हे लिहून ठेवणारी नात त्यांना फार आवडली. आता तेच तिला हाक मारून आठवण करतात.

आणि आईबापांसाठी एक. पुण्याहून निघणारं ‘पालकनीती’ मासिक मी जुन्या अंकांपासून वाचायला घेतलं. मुलीला काय शिकवू याच्या आधी माझ्याच मनातली शाळेची भीती किती खोल आहे ते मला त्या वाचनाने दिसलं. देशभरातल्या घरशाळावाल्या कुटुंबांच्या ‘स्वशिक्षण’ या मंडळींकडूनही एक सल्ला मिळाला तो मी सोन्यासारखा जपला : शाळा सोडल्यावर पहिले काही महिने वेळापत्रक लावू नका, मुलाला आधी मोकळं होऊ द्या. मी तो ऐकायला उशीर केला. अ‍ॅपच्या त्या दोन महिन्यांत मी तिला सकाळी नऊ ते बारा बसवत होते, आणि तिचं पोट पुन्हा दुखायला लागलं होतं.

तिच्या पोटात शेवटचं कधी दुखलं ते आता मला आठवत नाही. तीन वर्षं झाली. धाकट्याला शाळा आवडते, तो जातो, आम्ही पाठवतो. थोरलीला दर मेमध्ये विचारतो, ‘‘यंदा?’’ तिने अजून तरी ‘घरी’ असंच सांगितलं आहे.

भिंतीवरच्या त्या खडूच्या रेघांवरून पुढे एक गोष्ट निघाली. सरळ उभ्या कडांचं कुठलंही भांडं उघड्यावर ठेवलं तर त्यात साठलेल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस, हे तिने वाचून काढलं. अंगणात एक पत्र्याचा डबा ठेवला, आणि माझ्या आईला फोन करून सोलापूरलाही तसाच डबा गच्चीवर ठेवायला लावला. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं म्हणून या दोघीही साडेआठलाच मोजतात. पट्टी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा, मग फोन. वहीतलं मागच्या जुलैचं एक पान माझ्यासमोर आहे. तारीख तिच्या अक्षरात, खाली दोन रकाने. आपण : ११२. आजी : ०. आणि समासात पेन्सिलने लिहिलंय, ‘आजी म्हणाली ढग आले होते पण गेले.’