काब्वेची धूळ

आज कामासाठी झांबियाची राजधानी लुसाकाहून काब्वे शहरात गेले होते. इथली शिशा-जस्ताची खाण १९९४ मध्ये बंद पडली, पण टाकाऊ मालाचे काळे ढीग अजून उघड्यावर आहेत. वारा सुटला की त्यांतलीच शिशाची धूळ अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पोरांच्या हातांवर.

ज्यांच्या घरी जेवले, त्या ताईंनी अंगणात आधी पाणी शिंपडलं, मग झाडलं. धूळ उडू नये म्हणून. रोज दोनदा करते, म्हणाल्या. त्यांचं धाकटं रांगतंय, सापडेल ते तोंडात घालतंय. मूल माती खाताना दिसलं की आपल्याला यशोदेची गोष्ट आठवते. इथे मला घास उतरेना.

शिसं शरीरात कॅल्शियमचं सोंग घेऊन शिरतं आणि हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. पुढे गरोदरपणात तेच हाडांतून रक्तात उतरतं, पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. मुलांचा मेंदू, मोठ्यांचा रक्तदाब, मूत्रपिंडं... आणि उपाशी पोटी ते जास्त शोषलं जातं! हे मला फार लागलं.

निघताना बाळाला उचलायला वाकले, तर ताईंनी घाईघाईने आधी त्याचे हात धुतले.