उन्हाळ्याची उष्णता जमिनीत मुरवताना

एकच बोअर मारून उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यासाठी ठेवता येईल का? नाही. ती चहूबाजूंनी पसरून जाते आणि परत घ्यायला गेलं की कोमट पाणी हाती येतं. साठा होतो तो बोअरांच्या मधल्या खडकात, बोअरमधून पाणी फिरवणाऱ्या नळ्या ही फक्त दारं. हा ठोकळा सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर घनफळ आठपट होतं, पृष्ठभाग मात्र चौपटच, आणि गळती पृष्ठभागातूनच होते. म्हणून लहान साठा जवळजवळ नेहमीच तोट्याचा.

३० मीटर व्यास आणि ३५ मीटर खोली धरली तर साधारण २४,७०० घनमीटर खडक मिळतो. घनमीटरमागे दर अंशाला २.२ मेगाज्यूल धरले, तर तापमान ३० अंशांनी चढवायला ४५० मेगावॅट-तास लागतात. त्यातली निम्मी उष्णता परत आली तरी समाधान मानावं. पहिली तीन-चार वर्षं तेवढीही येत नाही, कारण आधी भोवतालची जमीन तापावी लागते.

कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या ओकोटोक्स इथे ड्रेक लँडिंग वसाहतीत ५२ घरांसाठी असा साठा २००७ मध्ये सुरू झाला. ३५ मीटर खोलीचे १४४ बोअर, सहा-सहांच्या २४ ओळींत जोडलेले. पाचव्या वर्षापर्यंत घरं तापवण्याची ९० टक्क्यांहून अधिक गरज उन्हातून भागत होती. प्रत्येक ओळ मध्यापासून काठाकडे जायची. साठवताना गरम पाणी आधी गाभ्यात शिरतं, काढताना प्रवाह उलटा होतो. गाभा तापलेला आणि काठ थंड राहिला की गळती कमी. शिवाय एखादी नळी फुटली तर ती एक ओळ बंद करून बाकीचं चालू ठेवता येतं.

तिथेच जमिनीवर २४० घनमीटर पाण्याच्या टाक्याही होत्या. त्या का लागतात? बोअरची एकूण लांबी ५,०४० मीटर. मीटरमागे ८० वॅट असा सढळ हिशेब धरला तरी जमीन ४०० किलोवॅटच घेते. भर दुपारी ऊन शोषणारे सौर कलेक्टर त्याच्या कितीतरी पट देतात. जमिनीला सावकाश पाजावं लागतं, आणि टाकी वगळून पैसे वाचवणं हा मोह महागात पडतो.

जागा निवडताना सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वाहतं भूजल. वर्षाला काही मीटर सरकणारं पाणीही साठ्याचा मोठा हिस्सा सोबत घेऊन जातं. स्थिर पाण्याची अडचण नाही, उलट ओला खडक उष्णता चांगली वाहतो. आधी एक चाचणी बोअर घ्या आणि त्यात ४८ ते ७२ तास एकसारख्या शक्तीने उष्णता सोडा. तापमान आणि वेळेचा लॉगॅरिदम यांच्या रेषेच्या उतारावरून जमिनीची उष्णता-वाहकता निघते. सुरुवातीचे दहा-बारा तास हिशेबातून वगळा, त्यात ग्राउट (नळीभोवतीची पोकळी भरणारं मिश्रण) आणि नळीच बोलत असतात. वीजदाब वरखाली झाला तर चाचणी वाया.

हीट पंपासाठी (जमिनीतली उष्णता खेचून घर तापवणाऱ्या यंत्रासाठी) बोअर पाच-सहा मीटर अंतरावर घेतात. इथे दोन ते तीन मीटरच ठेवा. नेहमीची काळी पॉलिइथिलीन नळी ७०-८० अंशांत फार काळ टिकत नाही, क्रॉस-लिंक केलेलीच (रेणू एकमेकांत जोडून उष्णतेत टिकाऊ केलेली) घ्या आणि बोअरमध्ये जोड ठेवू नका. नळी पाण्याने भरून, दाब देऊन मगच उतरवा, नाहीतर ती तरंगते किंवा ग्राउटच्या वजनाने चेपते. तापमापक तेव्हाच नळीला बांधा, गाभ्यात आणि काठाला, वेगवेगळ्या खोलीवर. ग्राउट तळापासून वर भरा. वरून ओतलं तर पोकळ्या राहतात आणि हवा उष्णतेची वाट अडवते. साध्या बेंटोनाइटची (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीची) वाहकता मीटरमागे दर अंशाला ०.८ वॅटच्या आसपास असते, वाळू मिसळून ती १.५ ते २ पर्यंत नेता येते. भूजलपातळीच्या वर बेंटोनाइट तापून सुकतं आणि भेगाळतं, तिथे सिमेंटचं मिश्रण बरं.

इन्सुलेशन फक्त वरच्या तोंडाला घालता येतं. ते बोअरांच्या काठाबाहेर काही मीटर न्या, वर जलरोधक पडदा आणि उतार द्या. पावसाचं पाणी आत मुरलं की भिजलेलं इन्सुलेशन नसल्यासारखंच. शेवटी पाणी सेकंदाला किमान ०.६ मीटर वेगाने फिरवून हवा काढा. ओळीत अडकलेला एक बुडबुडा सहाच्या सहा बोअर थंड ठेवतो, आणि हिवाळा येईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.