हौद्याभोवती चार कॅमेरे: बिटरेट वाचतो कुठे?

बेळगाव-खानापूर भागात कुस्तीचं मैदान चार कॅमेऱ्यांनी टिपलं आणि चारही दृश्यं वेगवेगळी एन्कोड केली, की बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, थेट चौपट होतो. एमव्ही-एचईव्हीसीमध्ये (अनेक कॅमेऱ्यांचा व्हिडिओ एकत्र दाबून लहान करणारं मानक) एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून शेजारच्याचं चित्र भाकित करता येतं. २०१४ पासून हे मानकात आहे. पण हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, चार बाजूंना चार कॅमेरे असतील तर त्याचा उपयोग शून्य! एकाला पैलवानाची छाती दिसते, समोरच्याला पाठ. भाकित करायचं कशावरून? म्हणून शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन-दोन कॅमेऱ्यांच्या जोड्या लावा. एक्स२६५ या एन्कोडर सॉफ्टवेअरची ४.० आवृत्तीही दोनच दृश्यं घेते, तीसुद्धा बिल्ड करताना मल्टिव्ह्यू (अनेक दृश्यांचा पर्याय) चालू केलं असेल तर.

आता अंतराचा हिशेब. फोकल लांबी १५०० पिक्सेल, पैलवान १० मीटरवर आणि कॅमेऱ्यांत १० सेंटिमीटर अंतर असेल तर चित्र १५ पिक्सेल सरकतं. एक मीटर अंतर ठेवलं तर १५०. एक्स२६५ ची शोधकक्षा (जुळणारा भाग किती पिक्सेलपर्यंत शोधायचा ती मर्यादा) मुळात ५७ ची, त्यामुळे ती वाढवावी लागते आणि वेग पडतो. शिवाय एकाच कॅमेऱ्याला दिसणारे, दुसऱ्याला झाकले जाणारे भाग वाढतात, ते वेगळे.

खरा घात वेळेचा. सेकंदाला २५ फ्रेम घेताना कॅमेरे अर्ध्या फ्रेमने मागेपुढे असतील तर फरक ०.०२ सेकंदाचा. डाव टाकताना हात सेकंदाला ३ मीटर वेगाने गेला, तर तेवढ्यात तो ६ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे ९ पिक्सेल. तांबडी माती जुळते, पैलवान जुळत नाही, आणि बिट जातात ते नेमके पैलवानावरच. म्हणून जेनलॉक (सगळ्या कॅमेऱ्यांचं शटर एकाच क्षणी उघडणारी जोडणी) असलेलेच कॅमेरे घ्या. नुसत्या टाइमकोडने फ्रेमला वेळेचा नंबर मिळतो, शटर एका क्षणी उघडत नाही. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस तिन्ही हाताने बांधा. फ्लडलाइटखाली शटर १/५० किंवा १/१००, कारण आपली वीज ५० हर्ट्झची.

बचत सगळ्यात जास्त होते की-फ्रेमला, म्हणजे मागच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण पाठवल्या जाणाऱ्या फ्रेमला. तिथे दुसरं दृश्य पूर्ण न पाठवता पहिल्यावरून बांधता येतं. मधल्या फ्रेमना मागची फ्रेमच इतकी जवळची असते की शेजारच्या कॅमेऱ्याची गरज थोडी. त्यामुळे दोन सेकंदांना की-फ्रेम असलेल्या थेट प्रक्षेपणात फायदा ठळक दिसतो, दहा सेकंदांना असेल तर पुसट.

मूळ दृश्य, म्हणजे ज्यावरून दुसरं बांधलं जातं ते, म्हणून चांगल्या कोनातला कॅमेरा निवडा. साधा एचईव्हीसी प्लेअर तेवढंच दाखवतो, आणि या मूळ दृश्याचं डेटा-पॅकेट हरवलं तर दुसरं दृश्यही फाटतं.