तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रँक जॉन्सनच का?

माझ्याकडे येणारे ज्युनियर वकील हमखास विचारतात, "सर, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले एवढे नावाजलेले न्यायमूर्ती सोडून तुम्ही सारखं त्या अलाबामातल्या खालच्या कोर्टाच्या जजचं नाव का घेता?"

कारण साक्षीदार खालच्या कोर्टातच उभा राहतो. घडलं काय, हे तिथंच ठरतं.

फ्रँक जॉन्सन १९५५ साली अलाबामाची राजधानी माँटगोमेरी इथल्या फेडरल (केंद्राच्या) जिल्हा न्यायालयात रुजू झाले, तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी केलेली ही नेमणूक तहहयात. निकाल आवडला नाही म्हणून कुणी पगार कापू शकत नाही की बदली करू शकत नाही. (आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश तीनेक वर्षांत पुढच्या गावी जातात, तेही स्थानिक हितसंबंध जडू नयेत म्हणूनच.) पण ज्यांच्याविरुद्ध निकाल द्यायचा, त्यांच्याच गावात जन्म काढायचा, हे सोपं नाही. १९५६ मध्ये शहरातल्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या तीन न्यायाधीशांच्या पीठात जॉन्सन बहुमताच्या बाजूने होते. पुढे त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला (ही तिथल्या वर्णद्वेष्ट्यांची धमकीची खूण), १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला. त्यांना जाहीर शिव्याशाप देणारे अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तर त्यांचेच कायद्याच्या वर्गातले सोबती.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मार्च १९६५ मधलं काम. अलाबामातल्या सेल्मा गावाहून मतदानाचा हक्क मागत माँटगोमेरीकडे मोर्चाने निघालेल्या कृष्णवर्णीयांना पुलावर पोलिसांनी झोडपलं. लोकांना लगेच पुन्हा निघायचं होतं; जॉन्सननी सुनावणी होईपर्यंत मोर्चाला मनाई केली. चळवळीतल्या अनेकांना ते लागलं. मला मात्र तो हुकूम बरोबरच वाटतो, कारण तोवर त्यांच्यापुढे पुरावाच आला नव्हता. मग सलग साक्षी झाल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात दाखवली गेली. मोर्चा कसा काढणार, याची योजना त्यांनी आयोजकांकडून लेखी घेतली. आणि १७ मार्चला निकाल दिला: अन्याय जेवढा प्रचंड, तेवढीच निषेधाला मोकळीक. सरकारने अडवायचं नाही, उलट संरक्षण द्यायचं. पण रस्ता जिथे दोनच पदरी आहे, तिथे चालणारे ३०० पेक्षा जास्त नकोत.

हे ३०० मला फार भावतं. एवढं मोठं तत्त्व मांडणारा माणूस त्याच हुकुमात रस्त्याची रुंदीही विसरत नाही.

पुढे मनोरुग्णालयांत डांबलेल्यांना उपचाराचा हक्क आहे, हेही त्यांनीच ठरवलं, आणि १९७२ मध्ये त्या उपचारांचे किमान निकष घालून दिले. १९७९ मध्ये ते वरच्या अपील न्यायालयात गेले. तिथलं त्यांचं काम मी फारसं सांगत नाही.

तेव्हा ज्युनियरांनो, 'विल्यम्स विरुद्ध वॉलेस', म्हणजे सेल्माच्या मोर्चाचा तो निकाल, काढा, आणि तत्त्वाच्या परिच्छेदाआधी वस्तुस्थितीचे निष्कर्ष वाचा. आपल्या दाव्यातले मुद्दे काढताना त्यांचाच उपयोग होईल.